महाळुंगे पडवळ ते महाळुंगे इंगळे

आधी एक आकडा: १९.३. देशातल्या पंधरा वर्षांवरच्या शंभर दिव्यांग व्यक्तींपैकी दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्या एवढ्याच. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७६वी फेरी जुलै ते डिसेंबर २०१८ या काळात झाली, तिच्यातला हा आकडा आहे. त्याच अहवालातले आणखी चार आकडे त्याच्या शेजारी मांडून पाहू. सात वर्षांवरच्या दिव्यांगांमध्ये साक्षर ५२.२ टक्के. तीन ते पस्तीस या वयोगटात कधी ना कधी साध्या शाळेत नाव घातलेले ६२.९ टक्के. पंधरा वर्षांवरच्यांत काम करणारे २२.८ टक्के. आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हातात असलेले २८.८ टक्के.

वयोगट वेगवेगळे आहेत, त्यामुळे एकातून दुसरा आकडा वजा करून ‘इतकी मुलं गळाली’ असं म्हणता येणार नाही. पण उतार कुठे लागतो ते कळतं. मूल शाळेच्या दारापर्यंत पोचतं आणि दहावीच्या आसपास दिसेनासं होतं. या उताराचं कारण मुलाच्या डोळ्यांत, कानांत किंवा पायांत फार कमी आहे. ते कागदांत आहे, तारखांत आहे आणि एस.टी.च्या अंतरात आहे, असं मला हे आकडे पुन्हा पुन्हा पाहून वाटतं. म्हणून हा हिशेब दिल्लीच्या पातळीवर न ठेवता एका गावात उतरवून बघू.

गाव महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव. बाबू गेनूंचं गाव. १९०८ साली इथे जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा कामासाठी मुंबईला गेला, गिरणीत लागला आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे हुतात्मा झाला. आंबेगाव आणि शेजारच्या जुन्नर तालुक्यातल्या माणसाला पोटासाठी घाट उतरून मुंबई गाठणं शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. ज्याचे हातपाय, डोळे, कान चालतात त्याला ओळखीच्या माणसाचा पत्ता आणि तिकिटाचे पैसे एवढं पुरत होतं. ज्याचं यातलं काही चालत नाही त्याच्यासाठी अशी वाट कधी पडलीच नाही.

आता मोजू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९.६३ लाख दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या २.६४ टक्के. त्याच जनगणनेत आंबेगाव तालुक्याची लोकसंख्या सुमारे २.३६ लाख आणि जुन्नरची सुमारे ४ लाख होती. राज्याचं प्रमाण जसंच्या तसं लावलं तर आंबेगावात सव्वासहा हजार आणि जुन्नरमध्ये साडेदहा हजार दिव्यांग होतात, मिळून पावणेसतरा हजारांच्या घरात. देशभरात दिव्यांगांपैकी साधारण १७ टक्के दहा ते एकोणीस या वयाचे होते. तो हिशेब इथे लावला तर सुमारे २,८०० मुलं-मुली. दहा वर्षांत वाटल्यावर एका वयाची २८०. दोन तालुक्यांत मिळून दर वर्षी साधारण २८० दिव्यांग मुलं सोळाव्या वर्षात पाऊल टाकतात. हा माझा अंदाज आहे, मोजणी नव्हे, आणि तो कमीच असण्याची शक्यता जास्त. जागतिक आरोग्य संघटना जगातल्या १६ टक्के लोकांना लक्षणीय दिव्यांगत्व आहे असं सांगते आणि आपल्या देशातली मोजणी २.२ टक्क्यांवर थांबते. दोन्हींची व्याख्या वेगळी आहे. पण घरी आलेल्या प्रगणकाला ‘आमच्या पोराला काही नाही, जरा उशिरा कळतं इतकंच’ असं सांगणारी आईही या फरकात आहेच.

२८० हा आकडा मोठा नाही. दोन तालुक्यांच्या प्रशासनाला एवढी नावं एका वहीत लिहून ठेवता येतील.

देशाचं २८.८ चं प्रमाण इथे धरलं तर या २८० पैकी प्रमाणपत्र सुमारे ८० जणांकडे असेल आणि २०० जणांकडे नसेल. शाळांमधून तपासणी शिबिरं होतात, त्यामुळे मुलांत प्रमाण यापेक्षा बरं असेल असं धरून चालू. तरीही पुढचं सगळं या एका कागदाला बांधलेलं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, नव्या कायद्यात २१ झाले. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा, प्रवेशासाठी वयाची ५ वर्षं सूट, सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण. यातलं काहीही मागायचं तर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र समोर ठेवावं लागतं.

हा कागद मिळवायचा खर्च मांडून पाहू. धरून चालू की नववीतली एक मुलगी आहे आणि तिला कमी ऐकू येतं. कानाच्या नेमक्या तपासण्या तालुक्याच्या ठिकाणी मिळणं कठीण असतं, म्हणून पुणं गाठावं लागतं. जायचे साठ-सत्तर किलोमीटर आणि यायचे तेवढेच. एस.टी.त दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण ती प्रमाणपत्र दाखवल्यावर. प्रमाणपत्र काढायला जाताना पूर्ण तिकीट. एक खेप तपासणीला, एक वैद्यकीय मंडळापुढे, एक राहिलेल्या कागदासाठी. आई शेतमजूर असेल तर तीन दिवसांचा रोज बुडाला. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. तीन दिवसांचे ९३६ रुपये, तिकीट आणि खाणं वेगळं. टोमॅटोची तोडणी सुरू असेल तर शेतावरचा रोज याहून जास्त असतो, म्हणजे बुडणारी रक्कमही जास्त.

या मुलीच्या कानाकडे जरा जवळून पाहू. तिला शिबिरात श्रवणयंत्र मिळालेलं आहे. यंत्राचा जो भाग कानात बसतो तो साचा तिच्या कानाच्या मापाने बनवलेला असतो. ती वाढते, कान वाढतो, साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. वर्गात शिट्टी वाजली की मुलं वळून बघतात. मग ती यंत्र बंद करून ठेवते आणि शिकवणाऱ्या बाईंच्या ओठांकडे पाहत बसते. बाई फळ्याकडे वळल्या की धडा संपला. बॅटरी आठ-पंधरा दिवसांत उतरते आणि नवी सहसा गावच्या दुकानात मिळत नाही. दहावीत कमी पडलेल्या गुणांचं कारण निकालपत्रावर ‘गणित’ किंवा ‘इंग्रजी’ असं दिसतं. खरं कारण दोन-चारशे रुपयांच्या साच्यात असू शकतं.

तारखांचा घोळ तर याहून विचित्र आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला, म्हणजे जे हुशार असूनही वाचन-लेखनात किंवा आकडेमोडीत अडतं त्याला, पहिलं प्रमाणपत्र आठव्या वर्षी मिळू शकतं. पुन्हा तपासणी चौदाव्या वर्षी आणि पुन्हा अठराव्या वर्षी. बौद्धिक दिव्यांगत्वातही शेवटचं नूतनीकरण अठराव्या वर्षी आहे, तिथून पुढे ते आयुष्यभर चालतं. चौदा म्हणजे नववीचा उंबरठा, अठरा म्हणजे बारावीचा निकाल आणि प्रवेशाची धावपळ. ज्या दोन वेळी कागद हातात तयार हवा, नेमक्या त्याच दोन वेळी तो जुना होतो. यात कुणाचा वाईट हेतू नाही. वाढत्या वयात पुन्हा तपासायला हवं हे वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच आहे. पण तपासणीची तारीख आणि शाळेचं वेळापत्रक एकत्र ठेवून पाहणं हे कुणाचंच काम नाही.

दहावीच्या परीक्षेपुरतं बोलायचं तर आपल्या राज्यात सवलती चांगल्या आहेत आणि त्याबद्दल शिक्षण मंडळाला श्रेय द्यायला हवं. लेखनिक मिळतो. दर तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. कर्णबधिर मुलांना भाषा विषयांत सूट आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा विषय घेता येतो. या एका सवलतीने किती तरी मुलं दहावीचा उंबरठा ओलांडू शकली.

मात्र या सवलतीला दुसरी बाजू आहे आणि ती घरी कुणी समजावून सांगत नाही. दहावीचं गणित सोडलं की अकरावी विज्ञान आणि गणितावर उभे असलेले तांत्रिक अभ्यासक्रम अवघड होऊन बसतात. ज्याला यंत्रांची आवड आहे, जो घरची पाण्याची मोटर खोलून पुन्हा जोडतो, त्या मुलाने गणित सोडायचं की लेखनिक आणि जादा वेळ घेऊन झगडायचं, हा निर्णय नववीत होतो. तो घेताना समोर कोण असतं? बहुतेक वेळा फॉर्म भरून घेणारे वर्गशिक्षक, ज्यांच्याकडे आणखी पन्नास-साठ फॉर्म असतात.

आता कॉलेजचं दार. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशात ९२,८३१ दिव्यांग विद्यार्थी कॉलेजात होते. कोविडच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, ७९,०३५ झाले. २०२१-२२ मध्ये ८८,७४८. दोन वर्षांत एकूण विद्यार्थी ३.८५ कोटींवरून ४.३३ कोटींवर गेले आणि दिव्यांग मात्र आधीच्या आकड्यालाही पोचले नाहीत. ८८,७४८ म्हणजे ४.३३ कोटींच्या ०.२ टक्के. शाळेत २०२१-२२ मध्ये विशेष गरजा असलेली २२.६७ लाख मुलं नोंदलेली होती, म्हणजे साधारण ११५ मुलांमागे एक. कॉलेजात ४९० मुलांमागे एक. तरुण वयात दिव्यांगांचं प्रमाण फक्त दीड टक्का आहे असं हात राखून धरलं, तरी कॉलेजांत साडेसहा लाख जण दिसायला हवे होते. सातांतला एक पोचलेला आहे. काही मुलं दिव्यांगत्व लपवून शिकतात, ती या मोजणीत येत नाहीत. तो वाटा सोडला तरी दरी बुजत नाही.

जागा नाहीत म्हणून असं होतं का? आंबेगाव तालुक्यातच अवसरीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि शासकीय तंत्रनिकेतनही. साठ जागांच्या तुकडीत ५ टक्के म्हणजे ३ जागा. कायद्याने दार उघडं आहे, दारापर्यंतचा रस्ता मात्र नववीतल्या गणिताच्या निर्णयातून, चौदाव्या वर्षीच्या प्रमाणपत्रातून आणि रोजच्या एस.टी.तून जातो. वैद्यकीय शिक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं की दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरावीक आकड्याच्या वर आहे एवढ्यावरून विद्यार्थ्याला अपात्र ठरवता येणार नाही, तो अभ्यासक्रम पुरा करू शकतो का हे मंडळाने तपासायला हवं. टक्केवारी मोजणं आणि क्षमता पाहणं यातला हा फरक न्यायालयाला कळला. तो गावच्या शाळेतही कळायला हवा.

शाळेच्या वसतिगृहातून बाहेर पडल्यावर काय, हा प्रश्न पुण्यात मीरा बडवे यांनी फार आधी ओळखला. अंध मुलांना शाळा संपली की निवासी शाळा सोडावी लागते, घरी जावं तर कॉलेज नाही आणि शहरात राहावं तर डोक्यावर छप्पर नाही. या मधल्या पोकळीसाठीच त्यांनी ‘निवांत अंध मुक्त विकासालय’ उभं केलं. पाठ्यपुस्तकं ब्रेलमध्ये आणि ध्वनिमुद्रित करून देणं, कॉलेजच्या अभ्यासाला सोबत करणं आणि पुढे कामाची सवय लागावी म्हणून चॉकलेट बनवण्यासारखे उद्योग चालवणं, असं ते काम आहे. शाळा आणि कॉलेज दोन्ही जागेवर असताना मधला पूल कुणाला तरी वेगळा बांधावा लागतो, हे त्यांनी दाखवून दिलं. पण हा पूल पुण्यात आहे.

आणि नोकरी. इथे आकड्यांना फसायला होतं, म्हणून जरा थांबू. २०१८ च्या त्याच फेरीत दिव्यांगांमधला बेरोजगारीचा दर ४.२ टक्के आला. साधारण त्याच काळात, २०१८-१९ मध्ये, सगळ्या लोकसंख्येचा दर ५.८ टक्के होता. म्हणजे दिव्यांगांमध्ये बेकारी कमी? बेरोजगार म्हणून तोच धरला जातो जो काम शोधतोय आणि त्याला मिळत नाही. शंभर दिव्यांगांपैकी श्रमशक्तीत, म्हणजे काम करणारे आणि शोधणारे मिळून, २३.८ होते. काम करणारे २२.८. शोधणारा फक्त एक. एकाला २३.८ ने भागा, ४.२ टक्के येतात. सर्वसाधारण लोकसंख्येत शंभरातले ५० श्रमशक्तीत होते. शोधणं सोडून दिलेली माणसं बेरोजगारीच्या आकड्यात मोजलीच जात नाहीत. ४.२ हा आकडा ऐकून कुणी समाधान मानू नये, त्याच्यामागे उरलेले ७६ जण श्रमशक्तीच्या बाहेर आहेत. त्यात म्हातारी माणसं आहेत, आजारी आहेत, शिकणारी आहेत आणि विशीतली पोरंही आहेत.

पुणे-नाशिक महामार्गाच्या आसपास महाळुंगे नावाची दोन गावं आहेत. एक आपलं पडवळांचं. दुसरं खेड तालुक्यातलं महाळुंगे इंगळे, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातलं, जिथे कारखान्यांच्या बस सकाळ-संध्याकाळ माणसं भरून नेतात. मधे अंतर चाळीसेक किलोमीटर. या चाळीस किलोमीटरमध्ये कायदा काय म्हणतो? सरकारी नोकरीत ४ टक्के: १ टक्का अंध व अल्पदृष्टी, १ टक्का कर्णबधिर, १ टक्का अस्थिव्यंग, सेरेब्रल पाल्सी वगैरे, आणि १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून. खासगी कारखान्यावर सक्ती नाही. मनुष्यबळात किमान ५ टक्के दिव्यांग असावेत यासाठी सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावं, एवढंच कलम आहे. कर्णबधिर मुलगा जुळणीच्या पट्ट्यावर इतरांच्या बरोबरीने काम करू शकतो. त्याला अडतं ते धोक्याचा भोंगा ऐकू न येणं, आणि त्याला उपाय लाल दिवा आहे. चाकाच्या खुर्चीवरची मुलगी गुणवत्ता तपासणीच्या टेबलाशी बसू शकते, पण कारखान्याच्या बसची पायरी चढू शकत नाही. काम जमतं आणि बस जमत नाही, अशी ही परिस्थिती आहे.

गावात राहून उद्योग करायचा तर बीजभांडवल योजना आहे: दीड लाखापर्यंतच्या व्यवसायाला ८० टक्के बँकेचं कर्ज आणि २० टक्के, जास्तीत जास्त ३० हजार, अनुदान. अनुदान मिळणं सोपं, कर्ज मिळणं कठीण, कारण ज्याने आजवर काही कमावलेलं नाही त्याच्याकडे बँकेला दाखवायला काही नसतं. संजय गांधी निराधार योजनेची रक्कम २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी १,५०० वरून २,५०० रुपये झाली. गावात तिला ‘पगार’ म्हणतात. २,५०० म्हणजे रोजगार हमीच्या त्याच दराने आठ दिवसांची मजुरी. ‘कामाला लागला आणि पगार बंद झाला तर?’ ही आईवडिलांची भीती मला खोटी वाटत नाही. नोकरी पहिल्या तीन महिन्यांत सुटू शकते, पगार पुन्हा सुरू व्हायला किती खेपा लागतील ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मुलींचं तर आणखी वेगळं. २०११ च्या जनगणनेत दिव्यांग पुरुषांपैकी ४७ टक्के काम करत होते आणि स्त्रियांपैकी २३. समग्र शिक्षा अभियानात दिव्यांग मुलींना महिन्याला २०० रुपये, वर्षाचे १० महिने, असा भत्ता आहे आणि तो बारावीपर्यंतच. शाळेच्या वाटेवर कुणी तरी सोबत असतं. तालुक्यातल्या मंचरच्या कॉलेजला एकटी कशी जाईल, या एका प्रश्नावर किती तरी घरांत विषय संपतो.

अठराव्या वर्षी आणखी काही दारं मागे बंद होतात. मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क सहा ते अठरा वयाचा. विशेष शाळेच्या पटावरून नाव उतरतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर आईवडील कायद्याच्या नजरेत आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. बँकेचं खातं अडल्यावरच बहुतेकांना हे कळतं.

अमेरिकेत दिव्यांग विद्यार्थ्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात सोळाव्या वर्षापर्यंत पुढच्या शिक्षणाची किंवा नोकरीची योजना लिहावीच लागते. इंग्लंडमध्ये ही तयारी आपल्या आठवीच्या वयाला सुरू होते आणि आराखडा गरज असेल तर पंचविसाव्या वर्षापर्यंत चालतो. तिथलं सगळं छान आहे असं नाही. पण तिथे सोळा ते पंचवीस या वर्षांची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर आहे. आपल्याकडे शाळा शिक्षण विभागाकडे, तंत्रशिक्षण दुसऱ्याकडे, प्रमाणपत्र आरोग्य विभागाकडे, पगार तहसीलदाराकडे. राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ४,८६० विशेष शिक्षक पदांना मंजुरी दिली. नववीत बसून चौदा आणि अठरा या दोन तारखा वहीत लिहायच्या कुणी, याचं उत्तर या शिक्षकांकडे असू शकतं. त्यांच्या कामाच्या यादीत ते नावानिशी घातलं पाहिजे.

आणि पैसा? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. गावाचं स्वतःचं उत्पन्न वर्षाला २० लाख असेल तर हे १ लाख रुपये झाले. अनेक ठिकाणी मार्चअखेर ही रक्कम यादीतल्या सगळ्यांत सारखी वाटून टाकतात, पन्नास नावं असतील तर प्रत्येकी दोन हजार. त्यात दिवाळीचा किराणा येतो. त्याच लाखातले वीस हजार बाजूला काढले तर गावातल्या चार मुलांच्या पुण्याच्या खेपा, कानाचे दोन नवे साचे, वर्षभराच्या बॅटऱ्या आणि कॉलेजच्या पहिल्या महिन्यांत मुलीसोबत एस.टी.ने जाणाऱ्या बाईचा रोज, एवढं बसतं. ग्रामसभेत हा विषय घ्यायला एक अर्ज लागतो, आणि तो अठरा वर्षांवरचा कोणताही गावकरी देऊ शकतो.